नागरी वस्त्यांतील धोके, कृत्रिम बुद्धिमत्ता व लोकसहभाग : एक चिकित्सा

प्रस्तावना : पूर, दरड, आग यांसारख्या धोक्यांचे पूर्वानुमान कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने करून नागरी वस्त्या सुरक्षित करता येतील, असा विचार अलीकडे मांडला जातो. त्यात लोकसहभागाचाही उल्लेख असतो. परंतु तो बहुधा यंत्राने दिलेली सूचना पाळण्यापुरताच असतो. प्रस्तुत लेखात या भूमिकेची चिकित्सा केली आहे.

विवेचन : यंत्राचे अनुमान त्याला पुरविलेल्या माहितीवर अवलंबून असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला, तर कुलाबा येथे सुमारे ७३ मि.मी. एकाच शहरात एवढी तफावत असताना मोजक्या पर्जन्यमापकांवर आधारलेले अनुमान प्रत्येक वस्तीला लागू पडेल, असे मानता येत नाही. उपग्रहचित्रात छपरे दिसतात. कोणत्या गल्लीत पाणी प्रथम शिरते, हे रहिवाशांनाच ठाऊक असते.

या ज्ञानाचा पद्धतशीर उपयोग महाराष्ट्रात झालेला आहे. मुंबईत ‘स्पार्क’ संस्थेने १९८५ मध्ये पदपथवासीयांची गणना केली. पुण्यात ‘शेल्टर असोसिएट्स’ने झोपडपट्ट्यांचे सर्वेक्षण रहिवाशांच्या सहभागातून भौगोलिक माहिती प्रणालीवर आणले. यंत्र व लोकज्ञान परस्परविरोधी नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

खरा प्रश्न अधिकाराचा आहे. नकाशावर ‘धोकादायक’ ठरलेल्या वस्तीला संरक्षक भिंत मिळणार की ती हटविली जाणार? हा निर्णय यंत्र घेत नाही, प्रशासन घेते. रहिवाशांना त्यात स्थान नसेल, तर त्यांनी पुरविलेली माहिती त्यांच्याच विरुद्ध वापरली जाण्याची शक्यता राहते. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच अनिवार्य केल्या. २०११ च्या जनगणनेनुसार धुळे शहर ही मर्यादा ओलांडते. शिंदखेडा, दोंडाईचा यांसारखी लहान शहरे मात्र तिच्या बाहेर राहतात. पर्जन्यमापक विरळ आणि सहभागाचे घटनात्मक व्यासपीठही नाही, अशी ही दुहेरी उणीव होय.

निष्कर्ष : लहान शहरांत प्रथम प्रभागनिहाय सभा व लोकांनी केलेले धोका-नकाशे असावेत, यंत्राचे अनुमान त्यांच्याशी पडताळून पाहावे. वस्ती हलविण्याचा निर्णय रहिवाशांच्या सुनावणीशिवाय होऊ नये. अन्यथा लोकसहभाग हा अहवालातील केवळ एक शब्द ठरेल. स्थानिक महाविद्यालयांतील भूगोल व समाजशास्त्र विभागांनी अशा नकाशांच्या कामी पुढाकार घेणे अगत्याचे आहे.