प्रतिनिधी कोणाचा? डहाणू मतदारसंघाच्या निमित्ताने



आयोजकांनी विषय देताना एक अट घातली होती. निवडणुकीवर बोला, पण भाकीत करू नका. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे भाकीत करण्याची सवय मला नाहीच. मी एका शब्दापासून सुरुवात करतो. शब्द आहे 'प्रतिनिधी'.

हा शब्द आपल्याकडे निवडणुकीच्या आधीपासून आहे. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना त्यांनी 'प्रतिनिधी' हे पद निर्माण केलं आणि ते प्रल्हाद निराजींना दिलं. हा प्रतिनिधी राजाच्या वतीने कारभार पाहणारा होता. त्याचा अधिकार वरून आलेला होता, आणि त्याला जाब विचारायचा तर तो राजाने विचारायचा. आज हाच शब्द आपण आमदारासाठी वापरतो, म्हणजे अधिकार खालून येतो असं गृहीत धरतो. माझा आजचा प्रश्न एवढाच आहे, की शब्दाची दिशा बदलली तशी व्यवहाराची दिशा बदलली का?

उदाहरण म्हणून मी डहाणू विधानसभा मतदारसंघ घेतो. मतदारसंघ क्रमांक १२८, अनुसूचित जमातींसाठी राखीव, तलासरी तालुका आणि डहाणू तालुक्याचा काही भाग यांचा. २००९ मध्ये इथून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे राजाराम ओझरे निवडून आले, २०१४ मध्ये भाजपचे पास्कल धनारे, २०१९ मध्ये माकपचे विनोद निकोले, आणि २०२४ मध्ये पुन्हा निकोले. २०२४ चे आकडे बघा. निकोले यांना १,०४,७०२ मतं, भाजपच्या विनोद मेढा यांना ९९,५६९. फरक ५,१३३ चा. त्या वेळी पालघर जिल्ह्यातल्या सहा जागांपैकी पाच महायुतीकडे गेल्या, ही एक गेली नाही. २८८ च्या सभागृहात माकपचा हा एकमेव आमदार.

या निकालाकडे बघण्याच्या तीन पद्धती मला वृत्तपत्रांत, चर्चांत दिसतात. तिन्ही मला अपुऱ्या वाटतात.

पहिली पद्धत 'बालेकिल्ला' म्हणण्याची. अहो, पाच हजारांच्या फरकाने जिंकलेली जागा बालेकिल्ला कशी? आणि २०१४ मध्ये तीच जागा हातातून गेली होती. पण माझा आक्षेप गणिताचा नाही. किल्ल्याला किल्लेदार असतो, शिबंदी असते. मतदार नसतो. ज्या क्षणी आपण एखाद्या भागाला कुणाचा तरी बालेकिल्ला म्हणतो, त्या क्षणी तिथल्या माणसांना आपण शिबंदीत जमा करतो. माणसं दर वेळी नव्याने ठरवत असतात, हे आपण विसरतो.

दुसरी पद्धत 'सर्वांत गरीब आमदार' या बातमीची. २०१९ मध्ये निकोले यांच्या प्रतिज्ञापत्रातली मालमत्ता सुमारे पन्नास हजार रुपये होती. त्यांनी पूर्वी वडापाव विकला, हेही छापून आलं. बातमी खोटी नव्हती. पण ती वाचून आपल्याला वाटतं, गरिबांनी गरीब माणूस पाठवला, झालं प्रतिनिधित्व. हॅना पिटकिन या विदुषीने १९६७ मध्ये प्रतिनिधित्वाच्या संकल्पनेवर पुस्तक लिहिलं. त्यात एक भेद आहे, तो मी माझ्या भाषेत सांगतो. एखाद्यासारखं असणं वेगळं, आणि एखाद्याच्या वतीने काही करणं वेगळं. आरशातलं प्रतिबिंब हुबेहूब तुमच्यासारखं असतं, पण तुमच्या वतीने ते तहसील कचेरीत जात नाही. आमदार कसा आहे, यावर आपण रकाने भरतो. तो काय करू शकतो, हे विचारत नाही.

तिसरी पद्धत राखीव जागेबद्दलची. राज्यघटनेच्या कलम ३३२ नुसार विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी जागा राखीव असतात. महाराष्ट्रात अशा २५ आहेत. उमेदवार आदिवासी असतो, मत मात्र सगळेच देतात. काही जण म्हणतात, आरक्षण आहे म्हणजे आदिवासींचा प्रश्न सुटला. काही जण उलट म्हणतात, आमच्यावर अन्याय झाला. किनाऱ्यावरचे मच्छीमार, चिकूचे बागायतदार, व्यापारी यांतले बरेच जण अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. त्यांना मत आहे, उमेदवारी नाही.

हा दुसरा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण त्याला उत्तर द्यायचं तर १९४५ मध्ये जावं लागतं. याच भागात वेठबिगारी होती. लग्नासाठी कर्ज काढून जन्मभर सावकाराकडे राबणारा 'लग्नगडी' होता. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वारल्यांना संघटित केलं. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला मोठी सभा झाली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. हे सगळं गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवलं आहे. आता हे लक्षात घ्या, की तेव्हाच्या कायद्यात मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण यांवर ठरत होता. म्हणजे सावकाराला मत होतं, लग्नगड्याला नव्हतं. राखीव जागा ही त्या इतिहासाची दुरुस्ती आहे. ती हवीच. मात्र 'कोण उभं राहू शकतो' याचं उत्तर मिळालं, की 'निवडून आल्यावर काय' याचं उत्तर आपोआप मिळत नाही.

ते उत्तर शोधायला वाढवणला जाऊ. वाढवण डहाणू तालुक्यातच आहे. तिथल्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी. ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. बंदर हवं की नको, हा आजचा विषय नाही. यात डहाणूच्या माणसाच्या वतीने कोण बोललं, हा विषय आहे.

पहिला आमदार. त्यांच्या पक्षाचा बंदराला विरोध आहे. पण २८८ मध्ये एक. पक्षांतरबंदी कायद्यामुळे बाकीचे आपापल्या व्हिपला बांधलेले. याची गंमत अशी, की एकट्या आमदाराच्या पक्षात व्हिप काढायचा तर स्वतःवरच काढावा लागेल! त्याला बोलण्याचं स्वातंत्र्य पुरेपूर आहे, ठरवण्याची ताकद जवळजवळ नाही. दुसरा खासदार. २०२४ मध्ये पालघर लोकसभेची जागा भाजपने पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी जिंकली. पण ती सहा मतदारसंघांची जागा, त्यात वसई-नालासोपारा आले. वाढवणच्या मताला त्या बेरजेत आवाज किती?

तिसरं आहे डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण. जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये हे प्राधिकरण आलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये याच वाढवणचं बंदर प्राधिकरणाने अडवलं. मच्छीमारांना तेव्हा हेच आपले खरे प्रतिनिधी वाटले असतील, तर नवल नाही. जानेवारी २०१९ मध्ये धर्माधिकारींचं निधन झालं. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने बंदराला ना-हरकत दिली.

इथे मला स्वतःचीही चूक कबूल केली पाहिजे. मी अनेक वर्षं म्हणत आलो, की मतांवर अवलंबून नसलेली, विवेकी माणसांची संस्था हीच खरी रखवालदार. प्लेटो शिकवणाऱ्याला हा मोह होतोच. पण रखवालदार चांगला निघाला तेव्हा आपण त्याला निवडलं नव्हतं, आणि त्याने मत बदललं तेव्हा आपल्याला त्याला बदलता आलं नाही. न्यायालयात जाता येतं, हे खरं. पण न्यायालयात आपण अर्जदार असतो. नागरिक म्हणून जाब विचारण्याची जागा ती नव्हे.

चौथी ग्रामसभा. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम. डहाणू-तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे इथल्या ग्रामसभेला जल, जंगल, जमिनीबाबत अधिकार आहेत. ग्रामसभेत कुणी कुणाचा प्रतिनिधी नसतो, प्रत्येक जण स्वतः हजर असतो. रूसोला हेच हवं होतं. पण बंदराचा मुख्य भाग भराव घालून समुद्रात उभा राहणार. समुद्र कोणत्या गावाच्या शिवारात येतो? मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळी टाकतो, पण सातबारा त्याच्याकडे नाही. म्हणजे जिथे माणूस स्वतः बोलू शकतो तिथे त्याचा विषय येत नाही, आणि जिथे विषय येतो तिथे त्याचा आवाज एक किंवा शून्य.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रतिनिधित्वाची कसोटी माणूस आपल्यासारखा आहे का, ही नव्हे. तो आपल्या बाजूचा आहे का, हीसुद्धा पुरेशी नाही. ज्याने निर्णय घेतला त्याला, ज्याच्यावर निर्णय कोसळला तो जाब विचारू शकतो का, ही कसोटी. डहाणूत आज लोक ज्याला जाब विचारू शकतात त्याच्या हातात निर्णय नाही, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे तो डहाणूला उत्तर द्यायला बांधलेला नाही. पाच हजार मतं इकडची तिकडे झाली असती, तरी ही रचना तशीच राहिली असती.

शेवटी पुन्हा त्या शब्दाकडे. पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानात १९३९ मध्ये राजाने गांधीजींच्या सल्ल्याने कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. ज्या घराण्याचं नावच 'प्रतिनिधी', त्याने तो अधिकार खाली सोडला. संस्थान छोटं होतं, प्रयोग थोडी वर्षं चालला. पण वरून आलेला अधिकार खाली देता येतो, एवढं त्यातून कळलं. किनाऱ्यावरच्या गावांना समुद्राबाबत पेसासारखा अधिकार द्यायचा का, हा प्रश्न पुढच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला विचारा. भाकीत मी करत नाही. उत्तर मात्र लिहून घ्या, आणि पाच वर्षांनी तोच कागद घेऊन पुन्हा त्याच्यासमोर जा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.