उन्हाळी रंग

वैशाखात पुण्याचा पारा चाळिशी गाठतो आणि दुकानांत ‘समर शेड्स’ची पाटी लागते. धाकटीच्या आग्रहाखातर मीही गेले. पहिला रंग ‘पीच’. लावला, तर आरशात साबुदाण्याची खिचडी खाऊन तोंड पुसायला विसरलेली बाई दिसली! अहो, हे फिके रंग ज्यांच्याकडे ऊन पाहुणं म्हणून येतं त्यांच्यासाठी. आमच्याकडे ते घरजावई. शिवाय लिपस्टिक म्हणजे शेवटी मेण, तेल नि रंग; दुपारपर्यंत पर्समध्ये तिची खीर होते.

हेही हसून सोडलं असतं. पण विक्रेतीनं धाकटीच्या सावळ्या गालावर दोन छटा उजळ फाउंडेशन थापलं. “रंग उजळेल!” १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नं २०२० साली नावातलं ‘फेअर’ काढलं; ती बातमी या काउंटरपर्यंत पोचली नसावी. बाहेर पडलो, घामाचे ओघळ आले, आणि त्या पांढऱ्या पट्ट्यांखालून माझी पोर पुन्हा दिसायला लागली. सुरेख!

“आई, कोकमाचा रंग असता तर घेतला असता गं,” ती म्हणाली.

मंडईतून पाव किलो आमसुलं घेऊन घरी आलो.