धैर्यधर बदलला, भामिनी राहिली

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. धान कापणीला आलेले असते, लेकी-जावई गावात आलेले असतात, आणि मंडईच्या रात्री गावात नाटक नसेल तर पाहुणा तोंडावर बोलत नाही, पण मनात रुसतो. पूर्वी गावचेच लोक तालमी करून उभे राहत. आता बहुतेक गावे वडशाच्या कंपन्यांना बोलावतात. रात्री साडेदहाला पडदा उघडतो आणि नायक-नायिकेची गाठ पडेपर्यंत कोंबडा आरवतो. मध्ये गाणी, नाच, विनोद, पुन्हा गाणी. शहरातल्या माणसाला ही सहा-सात तासांची बैठक शिक्षा वाटेल; आमच्याकडे घोंगडी आणि मुरमुऱ्यांची पुरचुंडी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या शेवटचे पद झाल्याशिवाय उठत नाहीत.

मी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका गावचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत; चार-पाच कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यामुळे नाटकातले मला कळते असा गावाचा समज आहे आणि मंडईच्या कमिटीत माझे नाव न विचारता घातले जाते. गेल्या हिवाळ्यात आम्ही एक संगीत नाटक ठरवले. ठरवले ते नाटकासाठी नव्हे, नायकासाठी, हे कबूल केले पाहिजे. जीपवर भोंगा लावून त्याचेच नाव आठ दिवस पंचक्रोशीत फिरवले होते. प्रयोगाच्या रात्री पडदा उघडण्यापूर्वी कंपनीचा माणूस पुढे आला आणि म्हणाला की काही अपरिहार्य कारणामुळे आज नायकाची भूमिका दुसरे कलावंत करतील. कारण मंडपात आधीच पोहोचले होते: हंगामाचे तीन प्रयोग करून नायक दुसऱ्या कंपनीत गेला होता. तिथे त्याची 'नाईट' जास्त होती. कंपनीचे नाव मी सांगत नाही. असे दरसाल कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत घडते.

बदली आलेला मुलगा त्या तीन प्रयोगांत नायकाचा मित्र झालेला होता. अंगाने किडकिडीत, नायकाचा कोट त्याच्या खांद्यांवरून ओघळत होता. पहिल्या अंकभर लोकांनी त्याला बोलू दिले नाही. दुसऱ्या अंकात त्याने बापाच्या प्रेतापाशी एक पद म्हटले. आवाज दोनदा फाटला. पण फाटला तो जिथे फाटायला हवा तिथे. माझ्या बाजूची म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "पोट्टा बेस करते जी, गुरुजी." पहाटेपर्यंत मंडपातून कोणी हलले नाही.

पहाटे कमिटी बसली. कंपनीचे निम्मे पैसे द्यायचे बाकी होते. भातगिरणीवाले सभासद म्हणाले, "एचएमटीचं पोतं सांगून दुसराच तांदूळ दिला, तर आपण पूर्ण भाव देतो का? मास्तर, तुम्ही सांगा." मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे; उशिरा सुचलेले.

मराठी संगीत नाटकाचा जन्मच मुळी अशा बदलीच्या पाळण्यात झाला आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' उभे केले तेव्हा शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार. दोनच वर्षांत भाऊराव कोल्हटकर आले आणि शकुंतला त्यांच्याकडे गेली. आज मुजुमदारांची शकुंतला कोणाला ठाऊक आहे? पण त्यांनी गाशा गुंडाळला नाही; ते त्याच कंपनीत राहिले आणि पुढे तिची सूत्रे त्यांच्या हाती आली. नायिकेचा शालू उतरवून कंपनी सांभाळण्याचे हे मोठेपण मला भाऊरावांच्या तानेइतकेच मोलाचे वाटते. ते कोणी ऐकले नाही, एवढाच फरक.

परंतु खरा धडा आहे तो 'मानापमाना'त. खाडिलकरांचे हे नाटक किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत लावले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. थोड्याच काळात जोगळेकर वारले. नव्या गाजत्या नाटकाचा नायक गेला! कंपनीने काय करावे? तिने ज्याने चाली बांधल्या त्यालाच उभे केले. पेटीवर बोटे फिरवणारे टेंबे धैर्यधर झाले. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि काही वर्षांनी टेंबे तीही सोडून गेले. धैर्यधराची कट्यार पुन्हा दुसऱ्याच्या कमरेला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, त्यात 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले बालगंधर्वांसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले. अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, तेही गेले. तिकडे किर्लोस्कर मंडळीतूनच फुटून १९१८ साली बलवंत संगीत मंडळी काढणाऱ्या दीनानाथ मंगेशकरांनी आपला धैर्यधर उभा केला. टेंब्यांनी भीमपलासात बांधलेले एक पद दीनानाथांनी मुलतानीत नेले. केवढे हे धाडस! मूळ चाल लोकांच्या ओठावर असताना तिला हात लावायचा! पण त्या पदाचे दोन्ही अवतार जगले. आजही गाणारे कोणी हे घेतात, कोणी ते.

म्हणजे धैर्यधर दहा-बारा वर्षांत चार गळ्यांतून गेला आणि दरवेळी तो थोडा निराळा झाला. शूर, गरीब, मानी असा जो सेनापती खाडिलकरांनी लिहिला तो कोणा एकाच्या मालकीचा झाला नाही.

आता भामिनीकडे पाहा. भामिनी बदलली नाही. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांचे मूल दगावले होते आणि तरी त्यांनी त्या रात्री भूमिका केली, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मीही वर्गात सांगितली आहे. त्या कलावंताच्या निष्ठेपुढे मान लवते, यात शंका नाही. पण मास्तर असल्यामुळे मला एक नसता प्रश्न पडतो: त्या रात्री दुसरी भामिनी तयार असती तर? एका बापाला घरी बसून रडता आले असते, आणि भामिनी ही बालगंधर्वांहून वेगळी अशी काही वस्तू आहे हे पहिल्याच दिवशी लोकांना कळले असते. तसे घडले नाही. पुढे पन्नाशी उलटल्यावरही बालगंधर्व स्त्री-भूमिकांत उभे राहत होते आणि रसिक डोळे मिटून ऐकत होते. डोळे मिटूनच! नाटक डोळे मिटून पाहायची वेळ येते तेव्हा ते नाटक उरलेले नसते, मैफल झालेली असते. मी ज्या ज्या भामिनी ऐकल्या त्या सगळ्या बालगंधर्वांची लाडिक मुरकी घेऊन गात होत्या. कोणी मुलतानी केली नाही. श्रीमंतीच्या तोऱ्यात असलेली आणि मग स्वतःची लाज वाटणारी ती मुलगी त्या मुरक्यांत कुठे सापडतच नाही. हे लिहिताना मन कचरते, कारण रात्री त्यांची जुनी ध्वनिमुद्रिका लावली की माझाच युक्तिवाद मला रुक्ष वाटू लागतो. असो. सूर खरा होता म्हणूनच तोटा एवढा मोठा झाला.

विलायतेकडचे नाटकवाले या बाबतीत कोरडे आहेत. १९५६ साली न्यूयॉर्कला 'माय फेअर लेडी' लागले. दोन वर्षे झाली न झाली तोच रेक्स हॅरिसन आणि ज्युली अँड्र्यूज दोघेही नाटकातून बाहेर पडले होते, आणि खेळ मात्र १९६२ पर्यंत चालून २७१७ प्रयोग झाले. तिथे करार संपतो आणि नट जातो. आपल्याकडे नट गेला की घर फुटल्यासारखे होते.

आमच्या विदर्भाचेच उदाहरण घ्यायचे तर नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली'. २४ डिसेंबर १९६७ रोजी ते रंगभूमीवर आले. खाँसाहेब झाले मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे. गंमत अशी की नाटकाचा विषयच हा: दरबारातला एक गवई जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि जागा मिळाली तरी गाणे मिळत नाही. १९८३ साली वसंतराव गेले तेव्हा खाँसाहेब त्यांच्याबरोबर गेले असेच लोक म्हणाले. २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे त्या जागी उभे राहिले. प्रेक्षक आजोबांना शोधायला आले असतील. पण नव्या पिढीच्या गळ्यात ते पद पुन्हा तापले, हे नाकारता येत नाही.

नक्कल कशी असते हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. विशीत असताना मी गावच्या नाटकात विंगेतून वाक्ये सांगत असे. नायक ऐन वेळी निघून गेला, आणि सगळे नाटक पाठ म्हणून मला उभे केले. मी तो ज्या शब्दावर थांबे त्या शब्दावर थांबलो, तो जसा हात उचली तसा उचलला. लोक हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. ते एकमेकांशी धानाच्या भावाविषयी बोलू लागले.

गेल्या वर्षीच्या त्या किडकिडीत मुलाने ही चूक केली नाही. गेलेल्या नायकाची गाणी वरच्या पट्टीत होती. त्याने पेटीवाल्याला खुणेने पट्टी उतरवायला लावली आणि आपल्या गळ्यात बसेल तेवढेच गायला. म्हणून म्हणतो, गिरणीवाले काका, पोते बदलले हे खरे. पण आपण नाटक विकत घेतले होते आणि नाटक आपल्याला मिळाले. पूर्ण पैसे द्यायला हवे होते.

दिले नाहीत. कमिटीने चौथाई कापली. कंपनीने ती त्या मुलाच्या नाईटमधून वळती केली, असे मागाहून कळले.

यंदा तो गेलेला नायक जुन्या कंपनीत परत आला आहे आणि कमिटीने पुन्हा त्यालाच ठरवले आहे. तो मुलगा दुसरीकडे गेला. शेजारच्या गावच्या मंडईच्या जाहिरातीत त्याचे नाव पाहिले. नायक म्हणून, सर्वांत वर. दोन्ही नाटके एकाच रात्री आहेत. मी कमिटीचा सभासद, मला आमच्याच मंडपात पुढच्या रांगेत बसावे लागणार. शाळेच्या शिपायाला मात्र तिकिटाचे पैसे देऊन ठेवले आहेत; दुसऱ्या दिवशी त्याने मला पट्टी कोणती होती ते सांगायचे आहे.