मोगरा आणि खिडकी

आमचे मांजर गेल्यावर महादेवी वर्मा यांचे ‘मेरा परिवार’ (१९७२) हे हिंदी पुस्तक मी पुन्हा वाचले. त्यातल्या गिल्लू या खारीला सोनजुईच्या वेलीखाली पुरले जाते. ती वेल तिची लाडकी, म्हणून जागाही तीच. मीही मांजराला सोसायटीतल्या मोगऱ्याखाली पुरले होते. साहजिकच हा लेख जवळचा वाटला.

पण या वेळी मनात राहिला तो ‘गौरा’. गौरा घरी आली आणि गवळ्याचा दुधाचा रतीब बंद झाला. त्याने तिला गुळातून सुई चारली. दूध काढायला त्याला ठेवले होते घरानेच. महादेवी हे लपवत नाहीत, पण तिथे थांबतही नाहीत. शेवटचा उद्गार गोपालक म्हणवणाऱ्या देशाला उद्देशून येतो. उपरोध धारदार आहे, तरी तो स्वतःच्या घराला वगळून जातो असे मला वाटते.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी मीच उघडी ठेवली होती. मोगरा फुलला की तिचा विसर पडतो. गिल्लूसारखी आठवण मलाही हवी आहे; पण तिच्यात ती खिडकीही असायला हवी.