न फिरवलेला घोडा

भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर आपण लहानपणी शिकलो: न फिरवल्यामुळे. गेले वर्षभर मी अशा एका घोड्याचा अभ्यास करतो आहे, जो कधीही फिरवला नाही तरी अडत नाही. हा घोडा ‘माइनक्राफ्ट’ नावाच्या संगणकीय खेळातला आहे. दिवाळी अंकाच्या संशोधनपर विभागात त्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण आज शहरातल्याच नव्हे, तर खेड्यातल्याही पुष्कळ मुलांची घोड्याशी पहिली ओळख याच घोड्यामार्फत होते आहे. त्यामुळे तो कसा घडवला आहे हे तपासणे मला आवश्यक वाटते.

मी पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक या गावी राहतो. विनोबांचा जन्म इथला, १८९५ सालचा. तेरा वर्षांहून अधिक काळ पायी देश पालथा घालणाऱ्या माणसाच्या गावात बसून मी घोड्यांवर टिपणे काढतो, याचे माझे मलाच कधीकधी हसू येते. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि जाणत्यांना विचारून. घोड्यांविषयीचे जुने मराठी शब्द मी गोळा करत होतो, तेव्हा शेजारचा सातवीतला मुलगा म्हणाला, “काका, माझे घोडे बघायचेत का?” थोरल्या भावाच्या लॅपटॉपवर त्याने चौदा घोडे बांधून ठेवले होते.

खेळ ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी २००९ मध्ये हा खेळ प्रथम लोकांसमोर आणला. त्यातले सारे जग ठोकळ्यांचे आहे. अमुक एक गोष्ट केलीच पाहिजे असे बंधन नाही. वाळूत बसलेल्या मुलाला काय बांधावे हे कोणी सांगत नाही, तसेच. म्हणूनच अशा खेळांना ‘सँडबॉक्स’ म्हणतात. या जगात घोडे आले जुलै २०१३ मध्ये.

खेळातल्या प्रत्येक घोड्याचे तीन गुण असतात: जीव, वेग आणि उडी. जीव बदामांत मोजतात, साडेसात ते पंधरा. वेग सेकंदाला सुमारे पाच ते चौदा ठोकळे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. उडी एका ठोकळ्याहून किंचित अधिक ते पाच ठोकळ्यांहून थोडी अधिक. अगदी मंद घोड्यापेक्षा पायी धावणारा खेळाडू पुढे जातो. मोकळ्या रानात सापडणाऱ्या घोड्याचा वेग आणि उडी तीन यादृच्छिक संख्यांच्या बेरजेवरून ठरतात. तीन फासे एकदम टाकले तर तीन किंवा अठरा क्वचित पडतात, दहा-अकरा वारंवार. तसेच इथेही मध्यम घोडे उदंड आणि उत्तम घोडे विरळा.

खोगीर घालून बसले की बदाम पडद्यावर दिसतात. वेग आणि उडी मात्र खेळ सांगत नाही. मुलाने त्यावर उपाय काढला होता. वेगासाठी मोजलेल्या लांबीची सरळ वाट आणि उडीसाठी वाढत्या उंचीच्या भिंती. प्रत्येक घोडा तो तिथे नेऊन पारखतो. शालिहोत्रापासून चालत आलेल्या अश्वपरीक्षेच्या परंपरेचा हा नवा वारस मला आवडला.

ती जुनी परंपरा रंग, भोवरे आणि खोडी वाचत असे. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ मानत. अमुक जागी भोवरा असला तर घोडा धन्याला बाधतो म्हणत. खेळातही सात रंग आणि पाच प्रकारच्या खुणा आहेत, म्हणजे पस्तीस रूपे. पांढरे पाय आणि कपाळावर पट्टा असलेला, आपल्या पंचकल्याणीचा भाऊ शोभेल असा घोडाही त्यांत आहे. परंतु रूपाचा गुणांशी तिळमात्र संबंध ठेवलेला नाही. घोडा पारखायचा तर चालवूनच पारखावा लागतो. लक्षणांच्या नावाखाली किती चांगली जनावरे कवडीमोलाने गेली असतील याचा विचार केला, तर खेळाचा हा निर्णय जुन्या पोथ्यांहून न्याय्य आहे.

माणसाळवण्याची रीतही विचारपूर्वक योजलेली दिसते. रिकाम्या हाताने रानघोड्यावर बसायचे, तो पाडतो. पुन्हा बसायचे, तो पुन्हा पाडतो. घोड्याच्या मनाचा एक छुपा आकडा शून्यापासून शंभरापर्यंत जातो आणि प्रत्येक पडण्यागणिक तो पाचाने वाढतो. साखर, गहू किंवा सफरचंद दिले तर तिनाने. म्हणजे एक वेळ पडणे हे एका सफरचंदाहून मोलाचे! हा हिशेब ज्याने मांडला त्याला घोड्याविषयी काहीतरी कळले होते, असे मी म्हणेन.

माझा आक्षेप इथून पुढे सुरू होतो. घोडा एकदा वश झाला की त्याच्यात काहीच घडत नाही. रोज दौडवला तरी त्याचा वेग वाढत नाही, वर्षभर बांधून ठेवला तरी कमी होत नाही. तो म्हातारा होत नाही, उपाशी मरत नाही. माझ्या टिपणवहीत चाबूकस्वार आहे, म्हणजे घोड्याला चाल शिकवणारा. मोतद्दार आहे, खरारा आहे, चंदी आहे. यांपैकी एकाही शब्दाला या खेळात जागा नाही. आपल्या भाषेत घोड्याचा विचार ‘फिरवणे’ या क्रियापदाभोवती चालतो, आणि खेळात नेमके तेच क्रियापद नाही.

पैदाशीचा नियमही पाहण्याजोगा आहे. दोन घोड्यांना सोनेरी गाजर किंवा सोनेरी सफरचंद दिले की शिंगरू होते. संगणकावरच्या मूळ, म्हणजे जावा आवृत्तीत पूर्वी शिंगराचा गुण म्हणजे आई, बाप आणि एक यादृच्छिक संख्या या तिघांची सरासरी असे. त्यामुळे उत्तम जोडीचे शिंगरूही बहुधा मध्यमाकडे ओढले जाई. मार्च २०२३ मध्ये ते बदलले. आता शिंगरू आईबापांच्या सरासरीच्या अलीकडे-पलीकडे जाते आणि नशिबाने दोघांनाही मागे टाकते. चिकाटीने पैदास केली तर पिढीगणिक घोडे सुधारतात. पण सुधारतात ते जन्माने. ‘खाण तशी माती’ ही म्हण इथे गणिताच्या रूपात लिहिली आहे.

यात बिघडले काय? त्या मुलाने तबेल्यामागे एक खड्डा खणला होता. चाचणीत मागे पडलेले घोडे तो त्यात सोडी. “हे कसले?” मी विचारले. “भंगार,” तो सहज म्हणाला. त्याचा दोष नव्हता. ज्या घोड्याचा गुण कधीच बदलणार नाही, त्याच्यावर मेहनत का घ्यावी? नियमातून निघणारा तर्क त्याने बरोबर ओळखला होता. पण दहावीनंतर शाळा सुटलेल्या मला तो शब्द ऐकून बसल्या जागी चुळबुळ झाली. कोणाला एकदा मोजून कायमचे बाजूला सारायचे, ही रीत मला पडद्याबाहेरही ठाऊक आहे.

खेळ हा खेळ आहे, सोपे करावेच लागते, असे कोणी म्हणेल. मान्य. पण काय सोपे करायचे याची निवड तर होतेच. याच खेळातला गावकरी व्यवहार करत करत नवशिक्यापासून उस्तादापर्यंत पाच पायऱ्या चढतो. याच खेळातली लोखंडी कुदळ वापराने झिजते. म्हणजे सरावाने वाढणे आणि वापराने झिजणे, दोन्ही गोष्टी या जगाला ठाऊक आहेत. फक्त घोड्याच्या वाट्याला त्या येत नाहीत.

दिवाळी सरली की घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. बिऱ्हाड असते घोड्यांच्या पाठीवर: भांडी, घोंगड्या, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी नुकते जन्मलेले कोकरू. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला २०२४ मध्ये स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली. ती जात टिकली त्यात धनगरांच्या अशा रोजच्या वापराचा वाटा मोठा आहे. खेळाच्या नियमाने मात्र यांतला एकही घोडा घोडा ठरणार नाही. तिथे पाठीवर पेटी लादता येते ती गाढवावर आणि खेचरावर, घोड्यावर नाही. गेल्या हिवाळ्यात मी एका धनगराला विचारले, तुमचा चांगला घोडा कोणता? त्याने सर्वांत बुटक्या घोडीकडे बोट केले. “हिला वाट ठावी हाय,” तो म्हणाला. वाट ठाऊक असणे हा जन्माने मिळणारा गुण नव्हे.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “पण काका, इथे घोडा भुकेने मरत नाही, हे बरंच की.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. मग त्याच्या तबेल्यात एका टोकाला बांधलेला, काळ्या ठिपक्यांचा एक घोडा मला दिसला. तो चाचणीत शेवटून दुसरा आला होता.

“हा खड्ड्यात का नाही?”

“तो पहिला आहे,” मुलगा म्हणाला. “त्यानं मला अकरा वेळा पाडलं होतं.”