वैश्विक भयकथा आणि तिचे वारसदार

भयकथा हा वाङ्मयप्रकार आपल्या समीक्षेने बहुधा उंबरठ्याबाहेरच ठेवला आहे. विद्यार्थी जी पुस्तके चोरून का होईना आवडीने वाचतात, त्यांविषयी शिक्षकांनी मौन पाळावे हे योग्य नव्हे. म्हणून या प्रकारातील एका शाखेचा, म्हणजे वैश्विक भयकथेचा, आणि पुढील लेखकांच्या हाती तिचे काय झाले याचा येथे विचार करावयाचा आहे.

नेहमीच्या भूतकथेत भुताला काही तरी हवे असते. वासना अतृप्त राहिलेली असते किंवा अन्यायाचे उट्टे काढावयाचे असते. ते साधले की भूत शांत होते. म्हणजे भूतकथेचे विश्व हे शेवटी न्यायाचेच विश्व होय. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याने हा न्यायच काढून घेतला. त्याच्या कथांतील प्राचीन शक्तींच्या लेखी माणूस जमेसच नाही. तेथील भय उपजते ते या उपेक्षेतून.

त्याच्या मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री यांनी १९३९ मध्ये ‘अर्कहॅम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली. पुढे १९६९ मध्ये डर्लेथने लव्हक्राफ्टच्या व त्याच्या अनुयायांच्या कथांचा संग्रह संपादिला. अशा संग्रहांची परंपरा तेव्हापासून वाढतच गेली. त्यांतील देवतांची नावे व शापित पोथ्या सर्वांच्या सामाईक असतात. परंतु नाव उसने घेता येते, भय उसने घेता येत नाही. डर्लेथने तर या शक्तींत सुष्ट-दुष्टांचा संग्राम कल्पिला. गुरूने जो न्याय घालवून दिला होता, तोच शिष्याने मागील दाराने परत आणला.

‘हास्टर’ या एका नावाचा प्रवास पाहिला तरी हे ध्यानात येईल. अँब्रोज बिअर्सच्या कथेत हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. चेंबर्स व लव्हक्राफ्ट यांच्याकडून तो डर्लेथकडे आला आणि घोर दैवत बनला. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेतही हे नाव येते. त्या कथेच्या आधाराने नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ‘आजी’ लिहिली, आणि धारपांच्या कथेने प्रेरित झालेल्या ‘तुंबाड’ (२०१८) या राही अनिल बर्वे यांच्या चित्रपटात ‘हस्तर’ कोकणातील वाड्यात येऊन बसला. येथे त्याला सोन्याची व धान्याची हाव आहे, आणि त्याच्याकडे जाणारा माणूसही हावरटच आहे. चित्रपट अंगावर येतो तो परक्या देवाच्या नावामुळे नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या लोभामुळे. लोभ आपल्या ओळखीचा आहे.

मराठी लेखकांची खरी अडचण येथेच आहे. कर्मफळावर श्रद्धा असलेल्या समाजाला उदासीन विश्व सहजी पटत नाही. धारपांनी दुष्ट शक्तींच्या निवारणासाठी ‘समर्थ’ उभा केला. वाचकाला दिलासा मिळाला, पण वैश्विक भय तेथेच ओसरले. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेत भयाचे मूळ पुष्कळदा माणसाच्या मनातच शोधले. त्यांचा मार्ग निराळा, आणि माझ्या मते अधिक पक्का. परंतु माणसाच्या सुखदुःखाची दखल न घेणाऱ्या विश्वाचा थंड स्पर्श मराठीत कोठे जाणवत असेल, तर तो जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेत. त्यांना कोणी भयकथाकार म्हणत नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. राक्षसांची नावे न घेताही हे भय मराठीत उतरू शकते, याचा तो पुरावा होय.

तेव्हा वारसदाराची कसोटी एवढीच, की कथेतून उसनी नावे काढून टाकल्यावर भय शिल्लक राहते काय? या कसोटीवर निवडलेला मराठी भयकथांचा एक प्रातिनिधिक संग्रह साहित्यसंस्थांनी सिद्ध करावा. त्यात जी.एं.ची एखादी कथा धारप-मतकरींच्या शेजारी निःसंकोच बसवावी, आणि रूपांतरित कथेखाली मूळ कथेचा स्पष्ट निर्देश असावा. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालांनी अनुवादाला मानाचे स्थान दिले. त्या बडोद्यात तरी ऋण सांगण्यात कमीपणा वाटू नये. ऋण उघड झाले, म्हणजेच स्वतःची भर किती हे वाचकाला मोजता येते.