मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ कादंबरीतील कुमारवयीन दुःख आणि मैत्रनिष्ठा

मराठी कथात्म साहित्यात कुमारवयीन दुःखाचा विचार बहुधा मृत्यूच्या संदर्भात झालेला आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये आईचे जाणे आहे, तर भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मध्ये पांडुरंग सांगवीकरच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत असा मृत्यू केंद्रस्थानी नाही. कदाचित म्हणूनच समीक्षेने आणि वाचकांनीही तिच्याकडे प्रामुख्याने कोवळ्या प्रेमाची, स्मरणरंजनाची कादंबरी म्हणून पाहिले. २०११ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेल्या तिच्या रूपांतरानेही हीच प्रतिमा दृढ केली. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र ‘शाळा’ ही शोकाची कादंबरी आहे. फक्त त्या शोकाला समाजमान्य नाव नाही.

कथानकाचा काळ आणीबाणीचा (१९७५-७७) आहे. नववीतला मुकुंद जोशी आणि सूर्या, चित्रे, फावड्या हे त्याचे मित्र यांच्या भाषेत चेष्टेला, शिवीला, बढाईला भरपूर शब्द आहेत. दुःखाला एकही नाही. ज्याची जी ‘लाईन’, तिच्याकडे दुसऱ्याने पाहायचे नाही, हा त्यांचा अलिखित नियम. वरवर पाहता तो पोरकट, आणि मुलींच्या दृष्टीने पाहिल्यास आक्षेपार्हही आहे, कारण त्यात मुलीला विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि याच नियमात या मुलांची निष्ठा घडते. मित्राचे गुपित राखणे, त्याच्या फजितीच्या वेळी त्याच्यासोबत असणे, आणि त्याला काही न विचारणे. यातील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड असते. प्रौढ माणसे भीतीपोटी गप्प बसतात आणि त्याला शिस्त म्हणतात, अशा काळात मुलांचे मौन मात्र मित्राला सांभाळण्यासाठी असते. हा विरोध कादंबरीत कोठेही उच्चारलेला नाही, हे तिचे बलस्थान होय.

वर्ष सरते तशी शिरोडकर गाव सोडून जाते. चौकडीही पूर्वीसारखी राहत नाही. जोशी दहावीत जातो. वर्गात मुलींना आडनावानेच ओळखण्याची रीत असल्याने, गेलेल्या मुलीचे त्याच्याजवळ उरते तेही हजेरीपटावरचेच नाव. कोणी गेले तर घरात सुतक असते, माणसे भेटायला येतात. येथे सांत्वनाला कोणी येणार नाही, कारण काही गमावले आहे असे कोणी मानतच नाही. ‘वयच तसं असतं’ ही वडीलधाऱ्यांची नेहमीची समजूत दुःखाला दुःखपणच नाकारते.

डहाणू-तलासरी परिसरात शिकवताना या शेवटाचा वेगळाच अर्थ जाणवतो. येथील अनेक विद्यार्थी वारली कुटुंबांतील, आश्रमशाळांच्या वसतिगृहांत वाढलेले आहेत. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि बाकावरचा सोबती परतत नाही. कोणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यात लागतो, कोणा मुलीचे लग्न होते. शाळा त्याची नोंद ‘गळती’ अशी करते. मागे राहिलेल्याच्या मनात त्याची नोंद काय होते, हे पाहण्याची साधने आपल्या शिक्षणशास्त्राजवळ फारशी नाहीत. ‘शाळा’ ते दाखवते. ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हे पुस्तकही बोकील यांचेच, हे येथे आठवावे.

मात्र कादंबरीची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक वाटते. निवेदन जोशीचे आहे. म्हणजे जो पुढच्या इयत्तेत जाणार, त्याचेच दुःख आपल्यापर्यंत पोहोचते. त्याच्या मध्यमवर्गीय घराने त्याची दहावी गृहीत धरलेली आहे. जो वर्गाबाहेर पडतो त्याची निष्ठा, त्याला मागे सुटलेल्या मित्रांविषयी काय वाटते, हे मराठी कादंबरीत अद्याप पुरेसे आलेले नाही. तलासरीच्या वर्गात बसलेल्यांपैकी कित्येकांना ती बाजू ठाऊक आहे, आणि ती प्रमाण मराठीत नव्हे, वारलीत ठाऊक आहे.